पिंजऱ्यातला आणि त्याच्या जागी आलेला

टाकळी ढोकेश्वरला थांबणारे प्रवासी बहुधा लेणं बघायला थांबतात. डोंगराच्या पोटात कोरलेलं ढोकेश्वराचं हे शिवालय चौदाशे वर्षांच्या आसपासचं आहे, आणि नगर-कल्याण रस्त्यापासून फार आतही नाही. मी लेण्यात जाऊन आले, पण माझं खरं काम इथल्या विहिरींशी होतं. २००९ च्या उन्हाळ्यात याच शिवारातल्या एका विहिरीत एक थोराड नर बिबट्या पडला होता. ती विहीर नेमकी कोणती, यावर पारावर बसलेल्या मंडळींचं एकमत होईना. ज्याने त्याने आपापल्या वाटेने नेऊन आपापली विहीर दाखवली. त्यातल्या एकीलाही धड कठडा नव्हता. रात्री कुत्र्यामागे धावताना बिबट्याला काळोखातलं ते तोंड दिसत नाही, आणि सकाळी मोटर चालू करायला आलेल्या माणसाला खालून गुरगुर ऐकू येते.

अशा वेळी रीत ठरलेली असे. बाज दोरांनी खाली सोडायची, दमलेलं जनावर तिच्यावर चढलं की वर ओढून पिंजऱ्यात घ्यायचं, आणि पिंजरा लांबच्या जंगलात नेऊन उघडायचा. टाकळीच्या बिबट्याला माळशेज घाटात सोडलं. फरक इतकाच, की सोडण्याआधी वनखात्याने आणि संशोधक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याच्या गळ्यात उपग्रहाशी बोलणारा पट्टा बांधला. स्वभावाने शांत म्हणून त्याचं नाव पडलं आजोबा. घाटातल्या जंगलात तो रमेल अशी कोणाचीही समजूत झाली असती. तो रमला नाही. मुंबई-आग्रा महामार्ग ओलांडून, रेल्वेचे रूळ ओलांडून, वस्त्यांच्या कडेकडेने तो महिनाभर चालत राहिला आणि सुमारे १२० किलोमीटरवर, मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या नागला भागात पोहोचला. वाटेत त्याने माणसाला बोटही लावलं नाही. २०११ च्या डिसेंबरात घोडबंदरच्या बाजूला गाडीच्या धडकेने तो मेला. पुढे सुजय डहाके यांनी २०१४ मध्ये त्याच्यावर 'आजोबा' हा चित्रपट केला, त्यात ऊर्मिला मातोंडकर होत्या. टाकळीत मात्र चित्रपटाबद्दल कोणी बोललं नाही. "आमचा वाघ मुंबईला गेला," एवढंच एक आजोबा म्हणाले.

बिबट्याला नेऊन सोडलं म्हणजे तो तिथेच राहतो, या समजुतीची खरी किंमत त्याच रस्त्याने पुढे गेल्यावर कळते. टाकळीहून आळेफाट्याला उतरलं की नगर जिल्हा संपतो आणि पुण्याचा जुन्नर तालुका लागतो. डोळ्यांना हद्द जाणवत नाही. माळ मागे पडतो, दोन्ही बाजूंनी ऊस, डाळिंब, टोमॅटो सुरू होतात. या पट्ट्यात २००१ ते २००३ दरम्यान बिबटे पकडून सह्याद्रीच्या जंगलांत सोडण्याची मोठी मोहीम झाली. ज्यांना पकडलं त्यांतल्या पुष्कळांनी माणसावर हल्ला केलेला नव्हता. कोणी शेळी मारली होती, कोणी नुसता दिसला होता. अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर हिशेब मांडला. मोहिमेआधी वर्षाला सरासरी ४ हल्ले माणसांवर होत. मोहिमेच्या काळात ते १७ वर गेले, म्हणजे ३२५ टक्के वाढ. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण ३६ टक्क्यांवर पोहोचलं. जिथून बिबटे नेले तिथेही हल्ले वाढले, आणि जिथे नेऊन सोडले त्या भागांत नव्याने सुरू झाले.

कारण समजायला अवघड नाही. वयात आलेला बिबट्या एक मुलूख धरून असतो. कुठल्या वस्तीवर रात्री उशिरापर्यंत दिवा असतो, कोणत्या ओढ्याने माणसं पहाटे जातात, कुत्री कुठे निजतात, हे त्याला पाठ असतं, आणि माणूस टाळून जगणं त्याने आईबरोबर हिंडताना शिकलेलं असतं. दुसऱ्या नराला तो आपल्या हद्दीत टिकू देत नाही. त्याला उचललं की जागा रिकामी होते, आणि ती भरायला तरणी, बिनमुलखाची, बिथरलेली जनावरं येतात. उचललेला तिकडे परक्या रानात, पिंजऱ्यात दात-नखं मोडून घेतलेला, वाट शोधत फिरतो. २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने बिबट्यासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात नुसता दिसला म्हणून बिबट्या पकडू नये असं स्पष्ट म्हटलं ते या अनुभवावरून.

आळेफाट्याला बस बदलण्यासाठी बराच वेळ बसावं लागलं, आणि तिथे मला इंग्लंडातली एक गोष्ट सारखी आठवत होती. ती इथे सांगते, कारण तिच्यात माणसं वेगळी, जनावर वेगळं, संकट वेगळं, आणि तरी घडलेलं तेच आहे.

तिकडे बॅजर नावाचा एक बिळात राहणारा, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा प्राणी असतो. १९७१ मध्ये ग्लॉस्टरशर परगण्यात मेलेल्या एका बॅजरमध्ये गाईंच्या क्षयाचे जंतू सापडले, आणि तेव्हापासून गोपालक आणि बॅजर यांच्यात वैर सुरू झालं. क्षय लागलेली गाय तिकडे मारावीच लागते. पिढ्यान् पिढ्या जोपासलेलं खिल्लार डोळ्यांदेखत जातं. त्या शेतकऱ्याचं दुःख खोटं नव्हतं. बॅजर मारून क्षय आटोक्यात येतो का, हे पाहण्यासाठी १९९८ ते २००५ अशी सात वर्षं एक प्रचंड चाचणी झाली. शंभर-शंभर चौरस किलोमीटरचे तीस पट्टे आखले. काहींत बॅजर सरसकट मारले, काहींत गाईंना क्षय झाला त्याच्या आसपासचेच मारले, काहींत हात लावला नाही. सुमारे ११,००० बॅजर गेले. सरसकट मारले त्या पट्ट्यांच्या आत गाईंचा क्षय काहीसा घटला, पण पट्ट्याबाहेरच्या कडेला वाढला. आणि आजूबाजूचेच मारण्याचा प्रकार तर २००३ मध्ये मध्येच थांबवावा लागला, कारण तिथे क्षय कमी होण्याऐवजी वाढत होता. बॅजर कुळाकुळाने आपापली हद्द धरून राहतात. कुळ फुटलं की उरलेले लांब-लांब भटकतात, परक्या बिळांत शिरतात, नव्या गोठ्यांजवळ जातात, आणि रोग सोबत नेतात. २००७ मध्ये जॉन बोर्न यांच्या अध्यक्षतेखालच्या शास्त्रज्ञांच्या गटाने निष्कर्ष दिला, की बॅजर मारून गाईंचा क्षय आवरण्यात अर्थपूर्ण मदत होणार नाही.

तरी २०१३ पासून तिथे पुन्हा मारणं सुरू झालं, आणि सव्वादोन लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. सरकारी शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये मांडलं, की चार वर्षं सलग मारलं त्या भागांत गाईंचा क्षय निम्म्याहून खाली आला. इतर शास्त्रज्ञ म्हणतात, त्याच काळात गाईंच्या तपासण्याही कडक झाल्या होत्या, मग श्रेय कोणाचं? हा वाद मिटलेला नाही. मला त्यातून दिसतं ते असं: मारण्याने फरक पडायचा तर बहुसंख्य मारावे लागतात आणि वर्षानुवर्षं मारत राहावं लागतं. बॅजरला टोचायची क्षयाची लस २०१० मध्ये आली. लस टोचलेला बॅजर आपल्या बिळात, आपल्या कुळात राहतो, हद्द मोडत नाही. आधीच रोगी असलेला तिने बरा होत नाही, पिल्लांसाठी मोहीम दरवर्षी काढावी लागते, आणि गाईंपर्यंत फायदा पोहोचायला वेळ लागतो. आयर्लंडने २०१८ पासून हळूहळू त्या वाटेने जायचं ठरवलं. इंग्लंडच्या सरकारनेही आपल्या कार्यकाळाच्या अखेरीपर्यंत मारणं बंद करण्याचं २०२४ मध्ये जाहीर केलं.

आता आपल्याकडे या. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आळेफाट्यापासून फार लांब नाही अशा शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यातली दोन लहान मुलं. लोकांनी पुणे-नाशिक महामार्ग अडवला. शेवटी बिबट्याला गोळी घालण्यात आली. ज्या घरातलं लेकरू गेलं त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून ३२५ टक्क्यांचा हिशेब सांगता येत नाही, आणि मी तो सांगणारही नाही. माणसाची शिकार करू लागलेला बिबट्या ताबडतोब हटवला पाहिजे, गरज पडली तर मारला पाहिजे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला सोय आहे; कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक तसा आदेश देऊ शकतात, आणि हा आदेश दुसऱ्या मृत्यूची वाट न पाहता निघावा असं माझं ठाम मत आहे. पण त्या एका जनावराच्या निमित्ताने तालुकाभर पिंजरे लावून हाताला लागतील ते सगळे बिबटे उचलायचे, ही वेगळी गोष्ट आहे. तिने पुढच्या वर्षीचं लेकरू वाचत नाही. जुन्नरने ते दाखवून दिलं आहे.

पुन्हा नगर जिल्ह्यात शिरून, बोटा, घारगाव मागे टाकून बस चंदनापुरीचा घाट उतरली आणि प्रवरेच्या खोऱ्यात आली. इथला ऊस काही अनादि काळापासून नाही. इंग्रजांनी अकोले तालुक्यात भंडारदऱ्याचं धरण बांधून १९२६ मध्ये पूर्ण केलं, त्याचं पाणी कालव्यांनी खाली आलं, आणि ज्वारी-बाजरीच्या शिवारात ऊस उभा राहिला. विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना सोबत घेऊन लोणीला सहकारी साखर कारखाना उभारला; १९५० मध्ये त्याचं गाळप सुरू झालं. त्यानंतर संगमनेर, राहुरी, कोपरगाव, श्रीरामपूर, अकोले, सगळीकडे ऊस वाढत गेला. बारा ते अठरा महिने उभं राहणारं, दोन पुरुष उंच, आत दिवसाही अंधार असलेलं, पाण्याशेजारचं रान आपणच लावलं. त्याच्या कडेला गोठे, पोल्ट्र्या, वस्त्या, आणि वस्त्यांभोवती मोकाट कुत्री. बिबट्याने यात घर केलं. उसात जन्मून उसातच वाढलेल्या बिबट्याच्या पिढ्या आता या जिल्ह्यात आहेत. त्यांना 'आपल्या जंगलात' परत पाठवा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की त्यांच्या आईनेही ते जंगल पाहिलेलं नाही.

संगमनेरच्या पुढे हंगाम ऐन भरात होता. रस्त्याला लागून एक फड तुटत होता. वाढ्यांचे भारे बांधणाऱ्या बायकांपैकी एकीने हात न थांबवता मला विचारलं, "ताई, वनखात्याच्या का?" नाही म्हटल्यावर मोकळी बोलली. बीडकडची टोळी. मागच्या आठवड्यात दुसऱ्या फडात पिल्लं सापडली होती. मुकादमाने तोड थांबवली, वनखात्याची माणसं आली, संध्याकाळी पिल्लं क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली आणि सगळे लांब गेले. रात्रीत आईने क्रेट पाडून पिल्लं नेली. "नेली नसती तर ती आमच्या कोप्यांवर आली असती," ती म्हणाली. पिल्लं आईला परत मिळवून देण्याची ही पद्धत या भागात आता रुळली आहे, आणि मला वाटतं, कुठल्याही पिंजऱ्यापेक्षा तिने जास्त हल्ले टाळले असतील. त्या बाईच्या कोपीला मात्र दार नव्हतं. उसाच्या पाचटाची भिंत, वर प्लास्टिक, आत निजलेलं पोर, आणि दहा पावलांवर उभा ऊस. कारखान्यांनी टोळ्यांसाठी तोडीपुरती तरी तारेच्या जाळीची, दिवे असलेली वस्ती द्यावी, ही मागणी बिबट्याच्या चर्चेत पहिली असायला हवी. ती शेवटीही येत नाही.

अकोले संगमनेरहून पश्चिमेला, प्रवरेच्या काठाने वर गेल्यावर लागतं. अगस्ती ऋषींच्या आश्रमाचं आणि अगस्ती कारखान्याचं गाव. जगभरच्या बिबट्यांच्या अभ्यासकांना हे नाव माहीत आहे. अत्रेय यांच्या चमूने इथल्या शेतांत, बांधांवर, ओढ्यांत आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे लावले. दर चौरस किलोमीटरला तीनशेहून अधिक माणसं राहतात अशा, जंगल नसलेल्या या मुलखात शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच मोठे बिबटे निघाले, आणि तितकेच तरस. हा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. गावकऱ्यांनी इतकी वर्षं एवढे बिबटे शेजारी ठेवले होते, आणि अभ्यासाच्या काळात त्या भागात एकही माणूस मारला गेला नव्हता. पट्टा बांधलेल्या दोन माद्या अगदी थोड्या मुलखात, एक ८ आणि दुसरी १५ चौरस किलोमीटरमध्ये, वस्त्यांच्या मधोमध राहत होत्या. रात्री घरांच्या अगदी जवळून जायच्या, दिवसा लांब उसात पडून राहायच्या.

इथल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास तर गोपालकांनी मुद्दाम वाचावा असा आहे. खाण्यातला ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता, आणि त्यातही सर्वांत मोठा, ३९ टक्के, कुत्र्यांचा. शेळ्या कुत्र्यांच्या सातपट असूनही त्यांचा वाटा ११ टक्के. शेळी रात्री आत बांधलेली असते, कुत्रं उघड्यावर असतं, हे त्यामागचं सरळ कारण. म्हणजे गोठ्याचं दार या तालुक्यात आधीच काम करत होतं. आणि कोंबड्यांची पिसं-आतडी, बाजारातला कचरा, मेलेली जनावरं जिथे उघड्यावर टाकली जातात तिथे कुत्री वाढतात; कुत्र्यांमागे बिबट्या येतो. गावाने उकिरडा आवरला तर बिबट्या वस्तीला लागण्याचं एक मोठं निमित्त जातं.

अकोल्याजवळच्या एका वस्तीवर मी दोन दिवस राहिले. घरच्या मावशींकडे पाच संकरित गाई, काही शेळ्या. या भागातल्या बऱ्याच घरांसारखंच दुधाच्या पगारावर त्यांचं घर चालतं. दोन वर्षांपूर्वी बिबट्याने कालवड नेली, तेव्हा भावकीतल्या लोकांनी सल्ला दिला, की गोठ्याला चारही बाजूंनी भिंत घाल. मावशींनी ऐकलं नाही. "भिंतीत कोंडली तर गाई दमानं मरतील," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं पशुवैद्यकाने ऐकून ठेवावं असं आहे. गाईंचा क्षय आपल्याकडे बॅजरमुळे येत नाही. तो गाईकडून गाईला, कोंदट गोठ्यातल्या हवेतून जातो. देशभरातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा २०१८ मध्ये घेतला गेला, त्यात सुमारे ७ टक्के जनावरांना तो असावा, म्हणजे दोन कोटींहून अधिक, असा अंदाज आहे. आपण रोगी गाय मारत नाही. कायदाही मारू देत नाही आणि मनही. तेव्हा आपल्यासाठी तपासणी, रोगी गाय वेगळी बांधणं, दूध उकळणं आणि मोकळी हवा हेच उपाय उरतात. गाईंच्या लसीची चाचपणी चालू आहे, पण ती दारात येईल तेव्हा. मावशींनी मुक्तसंचार गोठा केला: भोवती माणसाहून उंच तारेची जाळी, खाली सिमेंटचा पाया, वरच्या कडेला आत वळवलेली जाळी, लोखंडी दार. गाई रात्रभर मोकळ्या फिरतात, वारा आरपार जातो, आणि बिबट्या बाहेर. त्यानंतर त्यांचं एकही जनावर गेलेलं नाही. जाळीला खर्च बराच आला. तो त्यांनी दुधातून फेडला. पिंजऱ्यांवर, गस्तीवर, नुकसानभरपाईवर सरकार खर्च करतंच. त्यातला काही भाग आधीच जाळीला मिळाला तर भरपाईच्या पंचनाम्याची वेळच येणार नाही.

राजूरकडच्या महादेव कोळी आणि ठाकर गावांत आश्विन वद्य द्वादशीला वाघबारस असते. त्याच तिथीला खाली बाजारपेठेत वसुबारस म्हणून गाय-वासराची पूजा होते. वर डोंगरात गुराखी वाघोबाला नैवेद्य दाखवतात, आमची गुरं सांभाळ म्हणतात. मावशींच्या सुनेचं माहेर तिकडचं. तिला या चालीरीतीचं कौतुक सांगू लागले तर ती म्हणाली, "नैवेद्य दाखवतो आम्ही, पण गुरं सांच्याला आतच घेतो."

जुन्नर भागात मादी बिबट्यांना गर्भनिरोधक लस टोचण्याचा प्रयोग करायला केंद्राने २०२५ च्या अखेरीला हिरवा कंदील दाखवला. इंग्लंडातल्या बॅजरच्या लशीशी याचं साम्य आहे: मादी आपल्या मुलखात राहते, नव्या जनावराला जागा देत नाही, फक्त पिलांची संख्या वाढत नाही. मला हा प्रयोग करण्याजोगा वाटतो, आणि त्याची प्रामाणिक मोजणी व्हावी असं वाटतं. किती माद्या टोचल्या याला महत्त्व नाही. टोचलेल्या माद्यांच्या मुलखात माणसांवरचे हल्ले आणि शेळ्या-कालवडींचं नुकसान घटलं का, हे मोजावं लागेल, आणि निकाल हाती यायला काही वर्षं जातील. तोवर दुसऱ्या बाजूने पिंजरे लावून त्याच मुलखातले बिबटे उचलत राहिलं तर मोजायला काही उरणार नाही.

शेवटच्या रात्री मावशींचा मुलगा जेवण उरकून बॅटरी आणि काठी घेऊन निघाला. त्या आठवड्यात शेतीच्या विजेची पाळी रात्रीची होती. मोटर चालू करून उसात दारं धरायला जायचं होतं. वाफ्याला पाणी वळवताना माणूस वाकलेला असतो, पाय चिखलात, तोंड उसाकडे. बिबट्याच्या भागातल्या शेतकऱ्यांशी कुठेही बोला, पिंजऱ्याआधी ते दिवसाच्या विजेचं बोलतात. सौर ऊर्जेवर दिवसा वीज देणारी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये जाहीर झाली, आणि तिच्या पहिल्या प्रकल्पांपैकी एक याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीचा. मी ते सांगितलं तेव्हा मावशींनी कोनाड्यातून एक पिशवी काढली. वस्तीवरच्या एकोणीस जणांच्या सह्यांचा अर्ज होता, फीडर दिवसाचा करा म्हणून, पोहोच मिळालेला.

"पिंजरा मागितला तर तिसऱ्या दिवशी आला," त्या म्हणाल्या. "ह्याला दोन पावसाळे झाले. तुम्ही लिहिताय ना ताई, मग ह्याची तारीख पण लिहा." मी वहीत तारीख उतरवून घेतली, आणि त्यांनी ती बरोबर आहे का ते चष्मा लावून तपासून पाहिलं.